वसाहतींच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्यत्व : प्रवेश, पात्रता, अवधी आणि संख्या

१. संज्ञानिश्चय

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश वसाहतींच्या वरिष्ठ सभागृहांचा विचार सामान्यतः त्यांच्या अधिकारांपासून सुरू होतो. प्रस्तुत विवेचनाचा प्रारंभ सदस्यत्वापासून केला आहे. या सभागृहांचे कायद्याने दिलेले अधिकार बहुतांशी सारखे होते. प्रत्यक्ष बल मात्र अत्यंत भिन्न होते. समान अधिकारांतून भिन्न बल निर्माण होत असेल, तर भेदाचे कारण अधिकारांबाहेर शोधले पाहिजे. ते सदस्यत्वाच्या रचनेत आहे, हे येथील प्रतिपाद्य होय.

प्रथम तीन संज्ञांचा अर्थ निश्चित करू.

(अ) वसाहत : ब्रिटिश साम्राज्यातील ज्या प्रदेशांत यूरोपीय लोकांनी कायम वस्ती केली आणि ज्यांना शतकाच्या उत्तरार्धात जबाबदार शासनपद्धती प्राप्त झाली, ते प्रदेश. गव्हर्नरने कनिष्ठ सभागृहाचा विश्वास असलेल्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने कारभार करणे, म्हणजे जबाबदार शासनपद्धती. येथील मुख्य उदाहरणे ऑस्ट्रेलिया खंडातील वसाहती आणि न्यूझीलंड यांची असून कॅनडाचे उदाहरण पडताळ्यासाठी घेतले आहे.

(आ) वरिष्ठ सभागृह : ज्याच्या ठिकाणी पुढील तीन लक्षणे एकत्र आढळतात, ते सभागृह. पहिले लक्षण, त्याच्याबरोबर लोकनिर्वाचित कनिष्ठ सभागृह अस्तित्वात असणे. दुसरे, कायदा होण्यासाठी त्याची संमती आवश्यक असणे. तिसरे, मंत्रिमंडळाचे अस्तित्व त्याच्या विश्वासावर अवलंबून नसणे. या लक्षणांमुळे 'विधानपरिषद' हे नाव धारण करणाऱ्या कित्येक संस्था या व्याख्येबाहेर जातात. न्यू साउथ वेल्समध्ये १८२४ साली पाच अधिकाऱ्यांची विधानपरिषद स्थापन झाली. १८४२च्या कायद्याने तिची सदस्यसंख्या ३६ झाली व त्यांपैकी २४ सदस्य निर्वाचित असावेत असे ठरले. परंतु दुसरे सभागृहच नसल्यामुळे ती वरिष्ठ सभागृह ठरत नाही. १८६१च्या कायद्यान्वये १८६२ साली कार्यारंभ करणारी आणि जगन्नाथ शंकरशेट ज्या परिषदेवर नियुक्त झाले ती मुंबईची परिषदही याच कारणाने या व्याख्येत बसत नाही. तिच्या सदस्यांना 'नामदार' म्हटले जाई आणि सिडनी व मेलबर्न येथील सदस्यांनाही त्याच अर्थाची उपाधी होती; परंतु उपाधीच्या साम्यावरून संस्थांचे साम्य सिद्ध होत नाही.

(इ) सदस्यत्व : व्यक्ती आणि सभागृह यांच्यामधील विधिसंबंध. अशा संबंधाला आरंभ, आधार आणि अंत असतो. म्हणून सदस्यत्वाचे तीन वैयक्तिक घटक मानावे लागतात : प्रवेश, पात्रता आणि अवधी. चौथा घटक सामुदायिक आहे, तो म्हणजे संख्या. एकूण सदस्य किती असावेत आणि ती मर्यादा कोणी बदलावी, हा प्रश्न एका सदस्याचा नाही. परंतु प्रत्येक सदस्याच्या मताचे मूल्य त्यावरच ठरते. या चार घटकांचा आता क्रमाने विचार करू.

२. प्रवेश

वरिष्ठ सभागृहात प्रवेशाचे तीन मार्ग संभवतात : वंशपरंपरा, नामनिर्देशन आणि निर्वाचन.

वंशपरंपरेचा मार्ग वसाहतींत दोनदा सुचविला गेला आणि दोन्ही वेळा निष्फळ ठरला. कॅनडासंबंधीच्या १७९१च्या कायद्यात, वंशपरंपरागत पदवीला विधानपरिषदेतील आसन जोडण्याची तरतूद होती. तिचा उपयोग कधीच झाला नाही. १८५३ साली न्यू साउथ वेल्समध्ये विल्यम चार्ल्स वेंटवर्थ यांच्या समितीने वंशपरंपरागत पदव्या निर्माण करून पदवीधारकांकडून वरिष्ठ सभागृह घडविण्याची योजना मांडली. सिडनीतील जाहीर सभेत डॅनियल डेनिही यांनी तिचे केलेले खंडन प्रसिद्ध आहे. योजना मागे घ्यावी लागली. याचे कारण संस्थात्मक होते. इंग्लंडमध्ये सरदारवर्ग आधी अस्तित्वात होता आणि त्यातून सभागृह उत्पन्न झाले. वसाहतीत सभागृहासाठी वर्ग निर्माण करावा लागणार होता. कार्यापासून कारण उत्पन्न करण्याचा हा प्रयत्न होता.

वंशपरंपरा वगळल्यावर दोन मार्ग उरले आणि त्यांनुसार वसाहतींचे दोन गट पडले.

पहिला गट नामनिर्देशनाचा. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड आणि न्यूझीलंड या वसाहती त्यात येतात. न्यूझीलंडची परिषद १८५२च्या कायद्याने निर्माण झाली आणि २४ मे १८५४ रोजी ऑकलंड येथे प्रथम भरली. न्यू साउथ वेल्सची परिषद मे १८५६ मध्ये, तर १८५९ साली स्वतंत्र वसाहत झालेल्या क्वीन्सलंडची मे १८६० मध्ये भरली. या गटात गव्हर्नर नियुक्ती करीत असे; परंतु जबाबदार शासनपद्धतीमुळे प्रत्यक्ष निवड हळूहळू मंत्रिमंडळाकडे गेली. राजसत्तेचे प्रतिनिधी म्हणून कल्पिलेले सदस्य अशा रीतीने वस्तुतः कनिष्ठ सभागृहातील बहुमताच्या शिफारशीने येऊ लागले.

दुसरा गट निर्वाचनाचा. व्हिक्टोरिया, टास्मानिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहती त्यात येतात. येथे मतदार होते, परंतु ते कनिष्ठ सभागृहाचे मतदार नव्हते. ही निर्वाचने मालमत्ताधारकांची होती. साउथ ऑस्ट्रेलियात परिषदेच्या मतदाराकडे ५० पौंड किमतीची स्वतःच्या मालकीची मालमत्ता, किंवा वार्षिक २० पौंड मूल्याचा भाडेपट्टा, किंवा वार्षिक २५ पौंड मूल्याचे निवासस्थान असणे आवश्यक होते. व्हिक्टोरियात ही मर्यादा बरीच वर होती : १००० पौंड किमतीची किंवा वार्षिक १०० पौंड मूल्याची मालमत्ता.

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया हे संक्रमणाचे उदाहरण होय. १८९० साली तेथील परिषद नामनिर्देशित होती. ठराविक लोकसंख्या किंवा ठराविक काळ पूर्ण होताच ती निर्वाचित व्हावी असे घटनेतच नमूद होते आणि त्याप्रमाणे अल्पावधीत बदल घडला.

३. पात्रता

पात्रतेचे दोन प्रकार करावे लागतात : सदस्याची आणि मतदाराची. नामनिर्देशनाच्या गटात केवळ पहिला प्रकार संभवतो आणि तो अत्यंत सौम्य होता. न्यू साउथ वेल्स व न्यूझीलंड येथे २१ वर्षे पूर्ण झालेला ब्रिटिश प्रजाजन पात्र ठरे. मालमत्तेची अट नव्हती. न्यू साउथ वेल्समध्ये एक सामुदायिक अट मात्र होती : किमान चार पंचमांश सदस्य सरकारी वेतनाचे पद धारण करणारे नसावेत. परिषद अधिकाऱ्यांची होऊ नये, हा तिचा हेतू होता.

निर्वाचनाच्या गटात वयोमर्यादा ३० वर्षे होती. मालमत्तेची अट मात्र वसाहतीगणिक बदले. व्हिक्टोरियात १८५५च्या घटनेनुसार सदस्याकडे ५००० पौंड किमतीची किंवा वार्षिक ५०० पौंड उत्पन्नमूल्याची स्वतःच्या मालकीची जमीन असणे आवश्यक होते. साउथ ऑस्ट्रेलियात सदस्यासाठी मालमत्तेची अटच नव्हती. तीन वर्षांचा निवास पुरेसा होता.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. मालमत्तेची चाळणी सदस्याला लावता येते, मतदाराला लावता येते, किंवा दोघांनाही लावता येते. साउथ ऑस्ट्रेलियाने ती मतदाराला लावली, व्हिक्टोरियाने दोघांनाही. व्हिक्टोरियात मालमत्तेला विद्येची जोड होती : विद्यापीठाचे पदवीधर, वकील, वैद्यकीय व्यावसायिक, धर्मोपदेशक आणि सैन्याधिकारी यांना मालमत्तेवाचूनही परिषदेचा मताधिकार होता. मात्र धर्मोपदेशक सदस्य होऊ शकत नसे. ज्या पदामुळे मत देण्याचा अधिकार मिळे, तेच पद आसनाला बाधक ठरे. मत देण्याची योग्यता आणि शासनात भाग घेण्याची योग्यता या दोन कल्पना घटनाकारांनी भिन्न मानल्या होत्या, हे यावरून स्पष्ट होते.

या अटींमधून कोण बाहेर राहिले, याचाही विचार पात्रतेत येतो. स्त्रियांचा प्रवेश सर्वत्र निषिद्ध होता. साउथ ऑस्ट्रेलियाने १८९४च्या कायद्याने स्त्रियांना मताधिकार आणि संसदेत बसण्याचा अधिकार एकाच वेळी दिला. परंतु परिषदेच्या मतदानासाठी मालमत्तेची अट कायम राहिली आणि पहिल्या स्त्री-सदस्या जेसी कूपर १९५९ साली परिषदेत आल्या. न्यूझीलंडमध्ये १८९३ साली स्त्रियांना मत मिळाले. परिषदेचे सदस्यत्व १९४१ पर्यंत मिळू शकले नाही. मूळ रहिवाशांबाबत न्यूझीलंडचे उदाहरण वेगळे पडते. १८७२ साली मोकेना कोहेरे आणि वी ताको न्गाताता या दोन माओरी प्रमुखांची परिषदेवर नियुक्ती झाली. येथे नामनिर्देशनाचा एक गुण दिसून येतो : मालमत्ताधारक मतदारवर्ग ज्यांना कधी निवडणार नाही, त्यांना शासन इच्छा असल्यास आसन देऊ शकते. हा गुण शासनाच्या इच्छेवर अवलंबून असतो. म्हणून त्याला हक्काचे स्वरूप नसते.

४. अवधी आणि अंत

अवधीचे दोन प्रकार आढळतात : आजीव आणि नियत.

नामनिर्देशित गटाने आजीव अवधी स्वीकारला. न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड येथे पहिल्या नियुक्त्या पाच वर्षांसाठी आणि नंतरच्या आजीव होत्या. न्यूझीलंडमध्ये त्या प्रथमपासून आजीव होत्या. १८९१च्या कायद्याने नव्या सदस्यांसाठी सात वर्षांची मुदत ठरविण्यात आली. निर्वाचित गटाने दीर्घ परंतु नियत अवधी आणि क्रमशः निवृत्ती ही पद्धती स्वीकारली. व्हिक्टोरियात सहा प्रांत, प्रत्येकाचे पाच, असे ३० सदस्य असून अवधी दहा वर्षांचा होता आणि दर दोन वर्षांनी प्रत्येक प्रांतातील एक सदस्य निवृत्त होई. साउथ ऑस्ट्रेलियात संपूर्ण वसाहत हाच एक मतदारसंघ असून १८ सदस्य बारा वर्षांसाठी निवडले जात व दर चार वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होत. टास्मानियात अवधी सहा वर्षांचा होता.

सदस्यत्वाचा अंत मृत्यू किंवा मुदत संपणे यांखेरीज अन्य कारणांनीही होई. नामनिर्देशित गटात ही कारणे तपशिलाने सांगितली आहेत, कारण जेथे मुदत नाही तेथे अंताची अन्य द्वारे आवश्यक ठरतात. ती चार वर्गांत मांडता येतात : (१) स्वेच्छा, म्हणजे राजीनामा, (२) उपेक्षा, म्हणजे परवानगीवाचून सलग दोन अधिवेशने अनुपस्थित राहणे, (३) निष्ठाभंग, म्हणजे परकीय सत्तेशी निष्ठेचा संबंध जोडणे, (४) प्रतिष्ठाभंग, म्हणजे दिवाळखोरी, सार्वजनिक पैशाची बुडवणूक, राजद्रोह किंवा गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा. शासनाच्या विरुद्ध मत देणे या यादीत कोठेही नाही. ज्या मंत्रिमंडळाने सदस्य नेमला, त्याला तो परत काढता येत नसे. आजीव सदस्य म्हणून दोन गुणधर्मांचा धारक होतो : येताना तो परतंत्र असतो, आल्यानंतर स्वतंत्र. हे तत्त्व पुढील भागात उपयोगी पडेल.

५. संख्या

आतापर्यंतचे तीन घटक पाहता नामनिर्देशित, आजीव परिषद अधिक अभेद्य असावी असे अनुमान सहज होते. तिला मतदार नाहीत, मुदत नाही, पदच्युती नाही. मालमत्ताधारकांचे का होईना, निर्वाचन असलेली परिषद लोकमताला अधिक वश व्हावी, असेही वाटते. इतिहास याच्या विरुद्ध आहे. या विरोधाचा उलगडा चौथ्या घटकात होतो.

संख्येच्या दृष्टीने परिषदा दोन प्रकारच्या होत्या : लवचिक आणि नियत. न्यू साउथ वेल्सच्या घटनेत किमान २१ सदस्य सांगितले होते. कमाल मर्यादा नव्हती. न्यूझीलंडच्या कायद्यातही किमान संख्या, दहा, एवढीच होती. उलट निर्वाचित परिषदेत प्रत्येक आसन एका मतदारसंघाला जोडलेले असल्याने संख्या कायद्याने ठरे आणि तो कायदा बदलण्यासाठी त्याच परिषदेची संमती लागे. म्हणून लवचिक परिषदेचे बहुमत मंत्रिमंडळाला बाहेरून बदलता येई. नियत परिषदेचे बहुमत केवळ तिच्या मतदारांना, तेही टप्प्याटप्प्याने, बदलता येई.

यावरून पुढील सिद्धान्त मांडता येतो : वरिष्ठ सभागृहाचे प्रतिकारबल त्याच्या प्रवेशमार्गावर प्रत्यक्ष अवलंबून नसते; संख्या बदलण्याची शक्ती कोणाकडे आहे यावर ते अवलंबून असते. हा सिद्धान्त आता तीन प्रकारच्या उदाहरणांवर पडताळून पाहू.

६. पडताळा

(अ) नामनिर्देशित व लवचिक. १८६१ साली न्यू साउथ वेल्समध्ये जॉन रॉबर्टसन यांची जमीन-विधेयके परिषदेने अडविली. मोजणीपूर्वीच सरकारी जमिनीतील ४० ते ३२० एकरांचा तुकडा एकरी एक पौंड दराने कोणासही निवडता यावा, हे त्या विधेयकांचे सार होते आणि मोठ्या पशुपालकांच्या भाडेपट्ट्यांना त्यामुळे बाधा पोहोचत होती. चार्ल्स काउपर यांच्या मंत्रिमंडळाने पहिल्या सदस्यांची पाच वर्षांची मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले असताना २१ नव्या सदस्यांच्या नियुक्तीचा सल्ला दिला आणि गव्हर्नर सर जॉन यंग यांनी तो मानला. १० मे रोजी नवे सदस्य शपथेसाठी उपस्थित झाले, तेव्हा सभापती सर विल्यम बर्टन यांनी राजीनामा दिला व सहकाऱ्यांसह सभागृह सोडले. सभापतीवाचून शपथविधी होऊ शकला नाही. विरोध त्या दिवसापुरता यशस्वी झाला. परंतु मुदत संपताच वेंटवर्थ यांच्या सभापतित्वाखाली नवी आजीव परिषद नेमण्यात आली आणि त्याच वर्षी विधेयके मंजूर झाली. १८९९ साली ऑस्ट्रेलियाच्या संघराज्यासंबंधीचे विधेयक अडले, तेव्हा जॉर्ज रीड यांनी बारा सदस्य वाढवून मार्ग काढला.

न्यूझीलंडमध्ये १८९१ साली पराभूत झालेल्या ॲटकिन्सन मंत्रिमंडळाने पद सोडण्यापूर्वी परिषदेत आपल्या बाजूचे सदस्य नेमले. त्यानंतरचे पंतप्रधान जॉन बॅलन्स यांनी नव्या नियुक्त्यांची शिफारस केली. गव्हर्नर ऑन्स्लो आणि त्यांच्यानंतरचे ग्लासगो यांनी ती मान्य केली नाही. प्रश्न लंडनला गेला. वसाहतमंत्री लॉर्ड रिपन यांनी १८९२ साली निर्णय दिला की, याबाबत गव्हर्नरने मंत्रिमंडळाचा सल्ला मानावा. बारा सदस्य नेमले गेले. त्यांत कामगार चळवळीतून आलेल्या व्यक्तीही होत्या. लवचिक संख्येची किल्ली गव्हर्नरच्या हातात नसून मंत्रिमंडळाच्या हातात आहे, हे या निर्णयाने सिद्ध झाले.

(आ) निर्वाचित व नियत. व्हिक्टोरियात १८६५ साली मॅकलॉक मंत्रिमंडळाने जकातीची तरतूद वार्षिक खर्चाच्या विधेयकाला जोडली. परिषदेला आर्थिक विधेयक दुरुस्त करता येत नसे, नाकारता येत असे. तिने ते अडविले आणि सरकारला कायदेशीर निधीवाचून कारभार करावा लागला. या संघर्षात गव्हर्नर सर चार्ल्स डार्लिंग यांना १८६६ साली परत बोलाविण्यात आले. त्यांच्या पत्नीला २०,००० पौंड देण्याच्या प्रस्तावावरून संघर्ष १८६८ पर्यंत पुन्हा पेटला. १८७७ साली ग्रॅहम बेरी यांच्या मंत्रिमंडळाने कनिष्ठ सभागृहाच्या सदस्यांचे वेतन खर्चाच्या विधेयकात समाविष्ट केले. परिषदेने विधेयक नाकारले. जानेवारी १८७८ मध्ये न्यायाधीशांसह अनेक सरकारी अधिकाऱ्यांना सेवेतून दूर करण्यात आले. तो दिवस 'काळा बुधवार' म्हणून ओळखला जातो. एवढे होऊनही परिषदेत एकही आसन वाढविता आले नाही आणि ती विसर्जितही करता आली नाही. सुधारणा झाली ती १८८१ साली, परिषदेच्या संमतीने : सदस्यसंख्या ४२, प्रांत १४, अवधी सहा वर्षे, सदस्याची अट वार्षिक १०० पौंड मूल्याच्या मालमत्तेपर्यंत खाली. मतदारवर्ग वाढला, तशी परिषदेची नैतिक भूमीही विस्तारली. म्हणून सुधारणेने परिषद दुर्बल न होता दृढ झाली.

साउथ ऑस्ट्रेलियाने संघर्षाची तीव्रता दोन उपायांनी कमी केली. १८५७च्या उभयपक्षी समझोत्याने परिषदेने आर्थिक विधेयकांत दुरुस्ती सुचवावी, स्वतः करू नये असे ठरले. १८८१च्या कायद्याने, सार्वत्रिक निवडणुकीनंतरही पेच कायम राहिल्यास दोन्ही सभागृहे विसर्जित करण्याची किंवा परिषदेसाठी अतिरिक्त सदस्यांचे निर्वाचन घेण्याची तरतूद झाली. संख्या येथे लवचिक झाली. परंतु वाढीव सदस्य त्याच मालमत्ताधारक मतदारांनी निवडायचे असल्यामुळे तिची किल्ली मंत्रिमंडळाकडे गेली नाही. सिद्धान्ताला यामुळे बाध येत नाही. उलट 'संख्या बदलण्याची शक्ती कोणाकडे' या शब्दांचे महत्त्व दृढ होते.

(इ) नामनिर्देशित व नियत. सिद्धान्ताची खरी कसोटी येथे लागते. प्रवेशमार्ग नामनिर्देशनाचा आणि संख्या निश्चित, अशी रचना असेल तर परिणाम काय होईल? १८६७ साली स्थापन झालेल्या कॅनडाच्या सेनेटचे उदाहरण हेच आहे. ७२ सदस्य, प्रत्येक विभागाला २४; वय ३० वर्षे, ४००० डॉलरची मालमत्ता, आजीव अवधी. संख्यावाढ केवळ तीन किंवा सहा अतिरिक्त सदस्यांपुरती आणि तीही लंडनच्या संमतीने शक्य होती. नव्याने सत्तेवर आलेल्या अलेक्झांडर मॅकेन्झी यांनी १८७३ साली सहा सदस्यांची मागणी केली. ती नाकारण्यात आली. या तरतुदीचा प्रथम उपयोग १९९० साली झाला. सदस्य नामनिर्देशित असूनही मंत्रिमंडळाला बहुमत फिरविता आले नाही. भेदाचे कारण प्रवेशमार्ग नसून संख्या आहे, हे यावरून सिद्ध होते.

७. उपसिद्धान्त

वरील विवेचनातून तीन उपसिद्धान्त निघतात.

पहिला : लवचिक परिषदेत प्रतिकाराचे मूल्य प्रत्येक संघर्षानंतर घटत जाते. वाढीव नियुक्तीची शक्यता एकदा सिद्ध झाली की, प्रत्यक्ष नियुक्तीवाचूनही तिचा धाक पुरेसा ठरतो. अशा परिषदेचे प्रमुख कार्य विलंब आणि परिष्करण हे राहते.

दुसरा : संख्या मिळविणे म्हणजे आज्ञाधारकता मिळविणे नव्हे. चौथ्या भागात सांगितलेला आजीव सदस्याचा दुहेरी गुणधर्म येथे कार्य करतो. न्यू साउथ वेल्समध्ये १९२५ साली जॅक लँग यांनी परिषद रद्द करण्याच्या उद्देशाने २५ सदस्य नेमले; तरीही पुढच्या वर्षी प्रस्ताव फेटाळला गेला, कारण काही नव्या सदस्यांनी साथ दिली नाही. आसन मिळताच नेमणाऱ्याची सत्ता संपते.

तिसरा : जे सभागृह बाहेरून भरता येते, ते बाहेरून संपविताही येते. क्वीन्सलंडची परिषद वाढीव नियुक्त्यांनंतर १९२१ साली स्वतःच्या विसर्जनाला संमत झाली आणि १९२२ साली रद्द झाली. न्यूझीलंडची परिषद १९५० साली अशाच मार्गाने गेली. न्यू साउथ वेल्सची परिषद टिकली, परंतु १९३४ साली तिला नामनिर्देशनाचा आधार सोडून दोन्ही सभागृहांनी निवडलेल्या ६० सदस्यांची परिषद व्हावे लागले. व्हिक्टोरिया, टास्मानिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि लवकरच निर्वाचित झालेली वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांच्या परिषदा आजही अस्तित्वात आहेत.

८. निष्कर्ष

वसाहतींच्या घटनाकारांनी दोन भिन्न भीतींना उत्तरे शोधली. बहुसंख्येची भीती असणाऱ्यांनी मालमत्तेची चाळणी निवडली. पेचप्रसंगाची भीती असणाऱ्यांनी नामनिर्देशन निवडले. पहिल्या उत्तराने दृढ सभागृह मिळाले; दृढता प्रथम एका वर्गाच्या हिताला जुंपली गेली आणि मताधिकार विस्तारत गेला तेव्हाच ती सार्वजनिक झाली. दुसऱ्या उत्तराने पेच सुटत गेले. त्यासाठी सभागृहाचे स्वातंत्र्य खर्ची पडले आणि अखेरीस क्वीन्सलंड व न्यूझीलंड येथे सभागृहही. म्हणून कोणत्याही वरिष्ठ सभागृहाचे परीक्षण करताना प्रश्नांचा क्रम निश्चित ठेवला पाहिजे. प्रथम विचारावे, सदस्यसंख्या कोण बदलू शकतो. त्यानंतर, सदस्याला परत कोण काढू शकतो. त्यानंतर, त्याला कोण पाठवितो. आणि शेवटी, त्याला कोणते अधिकार आहेत. या क्रमाने मिळालेली पहिली तीन उत्तरे चौथ्या उत्तराचे खरे मूल्य ठरवितात.